साहेबांचा माऊस थरथरतो

चार माणसं एका खोलीत वर्षानुवर्षं बसली, की कपाटांवर धूळ साठते आणि माणसांवर किस्से. धूळ निदान दिवाळीला झटकतात. किस्से झटकायला कुणाला सवड नसते, मग थरावर थर चढत जातो.

नाशिकच्या सातपूरला पंप बनवणाऱ्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात मी आयुष्याची उमेदीची वर्षं काढली. आता निवृत्त होऊनही बराच काळ लोटला. तरी आम्ही काही जण अधूनमधून गंगापूर रोडला मिसळ खायला भेटतो, आणि पहिला पाव संपायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "सर, तो माऊसचा किस्सा सांगा ना!"

कुठला? आमच्याकडे माऊसचेच एवढे किस्से आहेत, की कुठला सांगायचा या विचारात माझी मिसळ थंड होते. त्यात मी सांगितलेला विनोद समोरच्याला कळला की नाही, याची मला फार काळजी. बायको म्हणते, "म्हणून तुम्ही तो दोनदा सांगता आणि दुसऱ्यांदा समजावून सांगता!" इथे एकदाच सांगायचा प्रयत्न करतो. कुणी हसलं नाही तर मला कळणार नाही, हा लिहिण्याचा मोठा फायदा.

माणसं फार नाहीत. देवरे हा कळवणकडचा ड्राफ्ट्समन, हात सोन्याचा आणि तोंड सुटलेलं. सोनवणे इन्स्पेक्शनचा, शर्टाच्या खिशात लोक पेन ठेवतात, हा मायक्रोमीटर ठेवायचा. मीना बागूल ही नंतर आलेली तरुण इंजिनिअर. आणि मी त्यांचा साहेब. द्रवयांत्रिकीत पीएच.डी. केलेला, आणि ऑफिसातून निघाल्यावर केबिनचं कुलूप नीट लागलं का, हे बघायला अर्ध्या रस्त्यातून परत येणारा.

*

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कंपनीने ड्रॉइंग बोर्ड काढून टाकले आणि कॉम्प्युटर आणले. ट्रेसिंग पेपरवर केसासारखी रेघ ओढणारी माणसं माऊस हातात आल्यावर पहिलीतल्या मुलांसारखी घामाघूम झाली.

एकदा मी देवरेच्या मागे जाऊन उभा राहिलो. त्याने टेबलावर स्टीलची फूटपट्टी ठेवली होती, डाव्या हाताने ती घट्ट दाबून धरली होती, आणि तिच्या कडेला टेकवून माऊस सरकवत होता.

"देवरे, हे काय?"

"सरळ रेघ वढतोय, साहेब. हातानं वाकडी येती."

मी रात्रभर विचार केला. या लोकांना आधी नुसतं धरणं, ओढणं, सोडणं जमायला हवं. त्या कॉम्प्युटरमध्ये पत्त्यांचा एक खेळ आयताच होता. मी सर्क्युलर काढलं: ड्रॉइंग ऑफिसातील प्रत्येकाने रोज सकाळी अर्धा तास पत्ते खेळावेत. खाली माझी सही. सहीपुढे पीएच.डी.

व्हायचं तेच झालं. जनरल मॅनेजर परदेशी पाहुण्यांना कारखाना दाखवत नेमके सकाळीच आले. दार उघडलं तर अख्खं ड्रॉइंग ऑफिस गंभीर चेहऱ्याने पत्ते खेळतंय! कुणी पडदा बदलला नाही, कुणी दचकलं नाही. आदेशच होता.

उलट देवरे अदबीने उभा राहिला आणि मला म्हणाला, "साहेब, सगळं झालं, फक्त राणी राजावर जाईना!"

जनरल मॅनेजरांनी पाहुण्यांना काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. पाहुण्यांनी मात्र जाताना माझ्याशी फार आदराने हात मिळवला.

देवरेने ही नवी नोकरीची पद्धत कौतुकाने गावी वडिलांना सांगितली. गावच्या पारावर दिवसभर पत्तेच चालायचे. म्हातारा अहिराणीत म्हणाला, "पत्ता खेळाना पगार भेटस? मंग नाशिकले कसाले गया? आपला पारवर हाऊच कोर्स शे!"

*

त्या काळी माऊसच्या पोटात रबराचा चेंडू असायचा. चेंडू फिरला की पडद्यावरचा बाण फिरायचा. आमच्या कारखान्यात बाहेरून आलेला कुठलाही माल आधी इन्स्पेक्शनला जायचा, मग वापरायला. नट असो, बोल्ट असो, नियम म्हणजे नियम. माऊसची पहिली पेटी आली, तीही गेली.

दुपारी बघतो तर सोनवणेने सगळे माऊस उघडून चेंडू एका ट्रेमध्ये अंड्यांसारखे मांडले होते, आणि एकेक मायक्रोमीटरमध्ये धरून मोजत होता.

"साहेब, लॉट रिजेक्ट."

"का हो?"

"एकही गोल नाही. इकडून एक माप, तिकडून दुसरं."

"सोनवणे, रबर आहे ते. मायक्रोमीटरने दाबलं की दबणारच."

सोनवणेने माझ्याकडे दयेने पाहिलं. "साहेब, दबतो तो चेंडू आपल्याला चालेल? बाण एका बाजूला गेला, रेघ एका बाजूला गेली, पंपाचा पंखा एका बाजूला गेला. मग शेतकऱ्याच्या विहिरीवर कोण जाणार, तुम्ही का मी?"

आता हे ऐकायला हास्यास्पद वाटतं. पण मी शंकेखोर माणूस. मलाच वाटायला लागलं, की याचं बरोबर असेल तर? मी परतीच्या कागदावर सही केली आणि लॉट परत गेला.

दुकानदार मेन रोडवरून पेटी घेऊन स्वतः आला. म्हणाला, "साहेब, माऊस चालत नाही म्हणून लोक परत आणतात. चेंडू गोल नाही म्हणून पहिल्यांदाच आला. तुम्ही याच्याने काम करणार आहात का क्रिकेट खेळणार आहात?"

सोनवणे शांतपणे म्हणाला, "क्रिकेटला चालेल. तसं लिहून देऊ का?"

*

पुढे अचूकपणाचा प्रश्न सुटला आणि आरामाचा उभा राहिला. दिवसभर माऊस धरून देवरेचं मनगट दुखायला लागलं. दुकानातले सगळे आकार त्याने धरून पाहिले. हा चपटा, तो उंच, तिसरा "बेडूक धरल्यावानी" लागायचा.

शेवटी त्याने स्वतःच उपाय काढला. पाइपाची गळती बंद करायला लावतात ती पुट्टी आणली, मळून माऊसवर थापली, वर हात नीट ठेवला आणि ती कडक होईपर्यंत तसाच बसून राहिला. चहा आला, तो त्याने डाव्या हाताने प्यायला. मी एका ड्रॉइंगबद्दल विचारायला बोलावलं, तर जागेवरूनच म्हणाला, "आत्ता नाय साहेब, हात वाळतोय!"

माऊस मात्र झकास झाला. पाची बोटांना पाच खाचा, तळव्याला फुगवटा. देवरेचा हात त्यात पडला की पाय चपलेत गेल्यासारखा बसायचा. महिन्याभरात मनगट दुखायचं थांबलं. मला त्याचा हेवा वाटला, हे कबूल करतो.

अडचण एवढीच, की तो माऊस जगात फक्त देवरेलाच बसायचा. देवरे बहिणीच्या लग्नाला गावी गेला, आणि त्याच्या कॉम्प्युटरवरचं एक ड्रॉइंग सोनवणेला तातडीने हवं झालं. सोनवणे बसला, माऊसवर हात ठेवला आणि झटक्यात उचलला.

"काय झालं?"

"साहेब, आत देवरेचा हात आहे!"

पुन्हा ठेवला. पुन्हा उचलला. थोड्या वेळाने बघतो, तर सोनवणेने माऊसवर रुमाल टाकला होता आणि वरून धरला होता.

"असं का?"

"परक्या माणसाचा हात हातात धरून कामात लक्ष लागत नाही, साहेब."

*

मीना बागूल डावखुरी. आल्या आल्या तिने माऊस डावीकडे घेतला आणि त्याची दोन्ही बटणं उलटी करून घेतली, म्हणजे डाव्याचं काम उजवं करणार. तिच्यापुरतं सोयीचं होतं. कुणाला सांगायची गरज तिला वाटली नाही.

एकदा ती कॅन्टीनला गेली असताना जनरल मॅनेजर आले आणि तिच्या कॉम्प्युटरवर काहीतरी बघायला बसले. दाबतात तर भलतंच उघडतं! पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. चौथ्या वेळी त्यांनी जाहीर केलं, "व्हायरस!"

झालं. सगळ्यांना कॉम्प्युटर बंद करायला सांगितलं. देवरेने तर आपला माऊस वर्तमानपत्राने झाकला. एवढ्यात मीना हात पुसत आली, माऊस डावीकडे ओढला आणि फटाफट तीन ड्रॉइंग उघडून दाखवली.

जनरल मॅनेजर थक्क. "हे कसं केलंत?"

"सर, तो फक्त माझं ऐकतो."

ते तडक निघून गेले. त्यानंतर त्या कॉम्प्युटरला कुणीही कधी हात लावला नाही, आणि मीनाला तेच हवं होतं, असं मला अजून वाटतं.

*

इथपर्यंतचे किस्से मी हसत सांगतो. यापुढचे हसत सांगायला मला बरीच वर्षं लागली.

नवं शतक लागलं आणि चेंडूचे माऊस जाऊन पोटात लाल दिवा असलेले माऊस आले. साफ करायला नकोत, अडकायला नकोत. सगळे खूश. फक्त सोनवणे उदास. मोजायला काही उरलं नव्हतं.

आणि मी. कारण माझा बाण थरथरायला लागला.

देवरेचा बाण ठेवला तिथे दगडासारखा राहायचा. मीनाचा राहायचा. माझा थरथरायचा. एखाद्या रेघेच्या टोकाशी न्यावा तर तो टोकाभोवती माशीसारखा घोंगावायचा, मध्येच उडी मारून दुसरीकडेच जायचा. मी श्वास रोखून धरला, कोपर टेबलाला टेकवलं, मनगट डाव्या हाताने दाबून धरलं. थरथर चालूच.

माझ्या थोरल्या भावाला कंपवात होता. त्याची सुरुवात मी पाहिली होती. कपबशी वाजायला लागली, मग सही बदलली, मग त्याने माणसांत जेवणं सोडलं. त्यामुळे मला कुणी वेगळं काही सांगायची गरज उरली नाही. मी त्याच्याच वयाला पोहोचलो होतो.

तरी मी प्रयोगाचा माणूस. एका सकाळी देवरेला म्हटलं, "तुझा माऊस दे आणि माझा घे." कारण सांगितलं नाही. माझा माऊस देवरेच्या टेबलावर गेला, तर दगडासारखा! देवरेचा माझ्याकडे आला, तर थरथरायला लागला!

मग म्हटलं, "देवरे, जरा माझ्या खुर्चीत बसून ही एक रेघ ओढ बरं."

देवरे दोन पावलं मागे सरला. "नाय साहेब. त्या खुर्चीत नाय बसनार."

"अरे, एक रेघ!"

"लोक म्हनतील, देवरे लय चढला. तुमी माझ्याकडं या, मी उभा राहतो."

पण ते मला नको होतं. त्याच्या टेबलावर, सगळ्यांसमोर माझा हात थरथरला तर? निष्कर्ष उघड होता. माऊस चांगला, बाण चांगला, बिघाड हातात. ज्याचा हात थरथरतो त्याने दुसऱ्यांच्या रेघा तपासू नयेत. दिवाळीपर्यंत वाट बघायची आणि मग जनरल मॅनेजरांना सांगून घरी बसायचं, असं मी ठरवून टाकलं.

*

तरी आशा चिवट असते. जेवणाच्या सुट्टीत ही मंडळी कॉम्प्युटर एकमेकांना जोडून गोळीबाराचा एक खेळ खेळायची. अंधाऱ्या बोळांतून पळायचं, दिसेल त्याला गोळी घालायची. त्यात क्षणात नेम लागतो. हात कापरा असेल तर माणूस तिथेच मरतो. मला वाटलं, हीच खरी तपासणी! डबा लवकर संपवून मी माझ्या टेबलावरूनच खेळायला बसलो.

आश्चर्य म्हणजे मी मरेना! बाण थरथरतोय, नेम चुकतोय, मी भिंतींना गोळ्या घालतोय, पण जिवंत. बाकीचे पटापट पडायचे आणि शेवटी मी एकटा उरायचो. आठवडाभर रोज जिंकलो. घरी जाताना स्कूटरवर शीळ घातल्याचंही आठवतं. एवढे दिवस उगाच घाबरलो!

मग एके दिवशी एका वळणावर मीना समोर आली आणि तिने मला धाडकन गोळी घातली.

देवरे खुर्चीतून उठला. "ओ मॅडम! साहेब व्हते ते!"

"म्हणजे?"

"साहेबाला कुनी मारत नाय!"

तेव्हा मला कळलं, की आठवडाभर ही सगळी मंडळी मी दिसलो की बंदूक खाली घालून बाजूने निघून जायची. सोनवणे तर, पुढे त्यानेच सांगितलं, एकदा माझ्या मागे उभा राहून मला राखत होता.

मीना माझ्या टेबलापाशी आली. "सॉरी सर. पण तुम्ही भिंतीकडे तोंड करून उभे होता आणि जागच्या जागी थरथरत होता. मला वाटलं, कुणीतरी जखमी आहे."

*

खंडेनवमीला आमच्याकडे प्रत्येक यंत्राची पूजा व्हायची. लेथला हार, क्रेनला नारळ. कॉम्प्युटर आले तसे तेही पूजेत आले. देवरे प्रत्येक माऊसला एका बोटाने हळद-कुंकू लावायचा. "बटनावर नाय लावायचं, घसरतंय," हे त्याचं शास्त्र.

त्या वर्षी पूजा आटोपली, प्रसाद वाटून झाला आणि मशीन शॉपमधून निरोप आला, एक माप बघून सांगा, माल गाडीत चढतोय. पूजेनंतर यंत्राला हात लावायचा नसतो. पण गाडी थांबली होती. मी मनात देवीची क्षमा मागून माऊस धरला.

बाण हलला नाही!

रेघेच्या टोकावर ठेवला, तिथेच राहिला. वर नेला, खाली आणला. नुसता दगड! देवरेला बोलावून दाखवलं. इतके दिवस लपवलेलं सगळं सांगून टाकलं. त्याने सप्तशृंगीच्या दिशेला हात जोडले. "पावली, साहेब!"

पीएच.डी. असलेला माणूस म्हणून मी काहीतरी बोलायला हवं होतं. मीही हात जोडले.

दसरा झाला. कामावर आलो, माऊस धरला, आणि बाण पुन्हा थरथरायला लागला. देवरे दबक्या आवाजात म्हणाला, "साहेब, एखादा नवस फेडायचा राहिलाय का बघा."

संध्याकाळी बायकोला सांगितलं. तिला माझ्या हाताचं तोवर माहीत झालं होतं. कसं, ते पुढे येईल. ती शाळेत विज्ञान शिकवायची. भाजी निवडता निवडता म्हणाली, "नवसाचं नंतर बघू. पूजेच्या दिवशी टेबलावर काय होतं आणि आज काय आहे, एवढं सांगा."

"त्या दिवशी नारळ होता. झेंडूची फुलं होती. हळद-कुंकू होतं."

"आणि?"

"आणि काच नव्हती. शिपायाने धुवायला नेली होती."

आमच्या कारखान्यात टेबलावर काच फक्त साहेबांना मिळायची. मला बढती मिळाली तेव्हा खुर्ची नंतर आली, काच आधी. काचेखाली मापांचे तक्ते, देवीचा फोटो, रेल्वेचं टाइमटेबल. बाकी सगळ्यांची टेबलं उघडी.

बायकोने भाजी बाजूला ठेवली. "मग?"

"मग काय?"

"अहो, मग काच काढून बघा!"

दुसऱ्या दिवशी मी लवकर गेलो. पण प्रयोगाचा नियम असा, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. म्हणून मी काच तशीच ठेवून आधी टेबलावर नारळ ठेवला. थरथर तशीच. नारळ काढून झेंडू ठेवला. थरथर. झेंडू काढून माऊसला कुंकू लावलं. थरथर. शेवटी काच उचलून भिंतीला टेकवली आणि डोळे मिटून माऊस धरला.

उघडले तर बाण स्थिर! काच ठेवली, थरथरला. काढली, थांबला. पुन्हा ठेवली, पुन्हा काढली. त्या लाल दिव्याला काचेवर काही दिसतच नव्हतं, बिचारा आंधळ्यासारखा चाचपडत होता. माझा हात धडधाकट होता! मी त्या खोलीत एकटाच मोठ्याने हसलो.

दारात देवरे उभा होता. त्याने नारळ पाहिला, झेंडू पाहिला, कुंकू पाहिलं, काच हातात धरून हसणारा साहेब पाहिला.

"साहेब," तो म्हणाला, "मी मागनं येतो. तुमचं होऊ द्या."

*

आता शेवटचा. हा घडला खंडेनवमीच्या आधी, म्हणजे काचेचं कोडं सुटलेलं नव्हतं तेव्हा.

मीनाने मला गोळी घातली त्या संध्याकाळी मी बायकोला सगळं सांगितलं. तिने दुसऱ्याच दिवशी शरणपूर रोडवरच्या मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली. डॉक्टर माझ्याच वयाचे, गंभीर, नावाजलेले. बाहेरच्या बाकावर बायको बसली, मी एकटा आत गेलो. ती येते म्हणाली होती, मीच नको म्हटलं. जे ऐकायचं ते आधी आपण एकट्याने ऐकावं.

डॉक्टरांनी मला हात पुढे करायला लावले. बोटांवर कागद ठेवून बघितला. नाकाला बोट लावायला सांगितलं. चालवून बघितलं. मग एक कोरा कागद पुढे सरकवला.

"यावर एक गोगलगाईसारखं वेटोळं काढा. आतून बाहेर."

मी पेन उचललं. थांबलो. "सारख्या अंतराचं काढू, की वाढत्या अंतराचं?"

"अहो, काढा कुठलंही!"

सारख्या अंतराचं काढलं. सवयीने मध्याच्या रेघा टाकल्या, एका बाजूला माप दिलं आणि कोपऱ्यात सही केली. डॉक्टरांनी कागद उचलला, चष्मा लावला, काढला. मग कागद उजेडात धरला. माझ्या डोळ्यांसमोर भावाची कपबशी वाजत होती.

"हे तुम्ही हाताने काढलंत?"

"हो. वाकडं आहे का?"

"वाकडं? याच्यावरून तुमच्या पंपाचा पंखा ओतता येईल!" ते खुर्चीत मागे टेकले. "तुम्हाला काहीही झालेलं नाही. कंपवात नाही, काही नाही. काळजी करायचा आजार आहे तुम्हाला, पण त्याला माझ्याकडे औषध नाही."

मला उठून त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पण मी शंकेखोर. "डॉक्टर, मग बाण का थरथरतो?"

"कुठला बाण?"

"कॉम्प्युटरचा. माऊस धरला की."

डॉक्टरांनी दाराकडे पाहिलं, दार नीट लागलंय याची खात्री केली आणि आवाज खाली आणला. "तुम्ही इंजिनिअर ना? माऊसमधलं कळतं तुम्हाला?"

"थोडंफार."

"चांगला कुठला घ्यावा?"

"कशासाठी हवाय, त्यावर आहे. ड्रॉइंगला वेगळा, साध्या कामाला वेगळा, गेम खेळायला वेगळा."

"रिपोर्ट लिहायला," ते म्हणाले. मग जरा थांबून, "आणि मुलगा गेम खेळतो." मग आणखी थांबून, "म्हणजे मीच खेळतो. पेशंट नसले की. पण हल्ली नेम लागत नाही."

त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला आणि माऊस पुढे केला. टेबल मोठं, साहेबी. वर जाड काच, काचेखाली गणपती आणि औषध कंपनीचं कॅलेंडर. माऊसच्या पोटात लाल दिवा. पुढे करताना त्यांचा चेहरा मी ओळखला. तो चेहरा मी रोज सकाळी दाढी करताना आरशात बघत होतो.

"जरा धरून बघता?" ते म्हणाले. "तुमचा हात आत्ताच तपासलाय मी. एकदम स्थिर आहे. म्हणून म्हणतो."

मी माऊसवर हात ठेवला. दोघंही पडद्याकडे बघत होतो. बाण क्षणभर थांबला, आणि थरथरायला लागला.

इथेही! म्हणजे डॉक्टरांचीच तपासणी चुकली! मी मान वर केली, तर हे नावाजलेले, गंभीर गृहस्थ खुर्चीतून उठून उभे राहिले होते, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि धावत जाऊन त्यांनी दार सताड उघडलं. त्यांची बायको बाहेर पेशंटची नावं घ्यायला बसायची.

"अगं, ऐकलंस का!" ते आनंदाने ओरडले. "थरथरतोय! यांच्याही हातात थरथरतोय!"

बाहेर बाकावर माझी बायको बसली होती.